शरद नेरुळकर नेमकं काय ऐकत होता?

'द डिसायपल' मी पहिल्यांदा पाहिला तो फोनवर, मे २०२१मध्ये, पलंगावर आडवी पडून. पाहिला म्हणजे काय, तर मध्येमध्ये व्हॉट्सॲप, मध्येच बेड मिळेल का विचारणारा कुणाचा तरी फॉरवर्ड, मध्येच कुकरची शिट्टी. त्यातला नायक रात्रीच्या रस्त्यावरून मोटरसायकलवर संथपणे जायला लागला, मागे तंबोरा आणि एका बाईंचा आवाज सुरू झाला, की मी स्क्रीनच्या उजव्या बाजूला दोनदा टिचकी मारायचे. दहा सेकंद पुढे. अजून दहा सेकंद. असं करत मी त्या दोन तासांच्या सिनेमातल्या जवळजवळ सगळ्या मोटरसायकली ओलांडल्या आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर 'छान आहे, थोडा स्लो आहे' असं लिहून मोकळी झाले.

दोन वर्षांनी तो पुन्हा पाहिला, या खेपेला इअरफोन लावून. तेव्हा कळलं की मी जे जे टिचकीसरशी उडवलं होतं, सिनेमा बराचसा तिथेच होता.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट'नंतरचा हा दुसरा सिनेमा. २०२०मध्ये व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत होता, तिथे पटकथेचं पारितोषिक मिळालं. शरद नेरुळकर (आदित्य मोडक) मुंबईत राहणारा, ख्याल शिकणारा पोरगा. घरी आजी. नोकरी जुन्या, दुर्मीळ ध्वनिमुद्रणांच्या सीडी काढणाऱ्या एका छोट्या कंपनीत. वडील गाण्याचे वेडे, स्वतःला फारसं न जमलेले. त्यांनी लहानपणी पोराला खाली खेळायला जाऊ न देता रियाजाला बसवलेलं. गुरुजी (अरुण द्रविड) म्हातारे, आजारी, पैशाने ओढगस्त. आणि गुरुजींच्या गुरू माई, ज्या सिनेमात कधीच दिसत नाहीत. शरदजवळ त्यांच्या बोलण्याच्या टेप आहेत. त्या तो ऐकत राहतो. विशीत ऐकतो, चाळिशीकडे झुकतानाही ऐकतो. मधल्या काळात पोट सुटतं, मिशी येते, स्पर्धा हातून जातात, यूट्यूबवर स्वतःच्या गाण्याखालच्या कॉमेंट वाचून जीव कातावतो. शेवटी त्याला कळतं की आपण फार मोठे गायक होणार नाही.

या सिनेमावर बोलताना बहुतेक जण 'प्रतिभा विरुद्ध मेहनत' या रस्त्याने जातात. एवढी वर्षं घासूनही नाही जमलं बिचाऱ्याला, मग कलेला काय लागतं, वगैरे. रस्ता चुकीचा नाही, पण मला तो अपुरा वाटतो. त्यात शरदच्या गळ्याकडे सगळे बघतात आणि कानाकडे कुणीच बघत नाही. माझं म्हणणं असं आहे की 'द डिसायपल' हा गाण्यापेक्षा ऐकण्याबद्दलचा सिनेमा आहे. आणि शरदची अडचण गळ्यात आहे त्याहून जास्त कानात आहे. त्याच्या कानात आधीच कुणीतरी येऊन बसलेलं आहे.

पहिलाच प्रसंग घ्या. गुरुजी मैफलीत गातायत, शरद मागे तंबोऱ्यावर. गाणारा पुढे आहे, पण सिनेमा आपल्याला बघायला लावतो ते ऐकणाऱ्याचं तोंड. त्या तोंडावर भक्ती आहे, आनंद आहे, थोडी भूकही आहे. सुरांशी नुसतं खेळणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जी निवांत मजा असते ती मात्र नाही. एखादा विद्यार्थी पुस्तकातल्या ओळी अधोरेखित करत वाचतो, तसा तो ऐकतो.

इथे तंबोऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्यानेच मला हा सिनेमा उलगडून दाखवला. माझी एक मैत्रीण गाणं शिकते. एकदा तिच्या क्लासात कोपऱ्यात बसले होते. मला गाण्यातलं काही कळत नाही. तंबोरा म्हणजे मागे चाललेली एक घूं एवढंच माझ्या लेखी. तिच्या बाईंनी ते ओळखलं असावं. म्हणाल्या, या चार तारा. पहिली पंचमात, मधल्या दोन षड्जात, शेवटची खर्जाची. गंधाराला एकही तार लावलेली नाही. आता ऐक. मी ऐकलं. घूं. मग त्यांनी अगदी हलक्या आवाजात गंधार लावला, थांबल्या आणि म्हणाल्या, आता हा तंबोऱ्यात शोध. आणि तो होता! स्पष्ट, बारीक, खर्जाच्या पाठोपाठ तरंगत येणारा. तार एकच छेडली तरी तिच्यातून एकाच वेळी अनेक सूर निघत असतात, खर्जाच्या पाचपट कंपनांचा जो सूर तो गंधार. घोडीवर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्याने जवारी नीट लागली की तो उमलून वर येतो. गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. त्यांच्यासाठी ही शाळेतली गोष्ट आहे, माझ्यासाठी धक्का होता. तो सूर आधीच्या पाच मिनिटांतही हवेत होता, माझ्या कानाच्या पडद्यावर आपटत होता, आणि मला तो ऐकू आला नव्हता. बाईंनी नमुना दिला, मग आला. आता गंमत अशी की तो ऐकू न येणं मला जमत नाही. कुठेही तंबोरा वाजला की आधी गंधार.

म्हणजे कान कोरा नसतोच. काय शोधायचं हे त्याला आधी कुणीतरी सांगितलेलं असतं आणि ते सांगणं म्हणजेच एक प्रकारची आठवण. गुरू जे शिकवतो ते बहुधा हेच असतं. पण याचीच दुसरी बाजू शरदच्या वाट्याला आली आहे. ज्या आवाजाने त्याला काय ऐकायचं ते सांगितलं, त्या आवाजापलीकडे त्याला मग काही ऐकूच येईनासं झालं.

आता त्या मोटरसायकली. रात्रीची मुंबई, रिकामे रस्ते, उड्डाणपूल, पिवळे दिवे, आणि शरद स्लो मोशनमध्ये जणू तरंगत चाललाय. कानात इअरफोन. माई बोलतात: साधनेबद्दल, मनाच्या शुद्धीबद्दल, या वाटेवर एकटेपणा आणि उपासमार यांची तयारी ठेवावी लागते त्याबद्दल. मुंबईचा रस्ता आणि गोंगाट जवळजवळ नाहीच, असं प्रत्यक्षात कधी होत नाही. आधी मला ही दिग्दर्शकाची हौस वाटली होती. मग लक्षात आलं की आपण रस्ता ऐकत नाही आहोत, आपण शरदचं लक्ष ऐकतो आहोत. त्याच्या लक्षात शहर नाहीच.

१९५३मध्ये कॉलिन चेरी नावाच्या इंग्रज संशोधकाने एक साधा प्रयोग केला होता. माणसाच्या दोन कानांत दोन वेगवेगळी निवेदनं सोडायची आणि सांगायचं, एका कानातलं ऐकू येईल तसं मोठ्याने म्हणत जा. लोक ते बिनचूक करायचे. नंतर विचारलं, दुसऱ्या कानात काय चाललं होतं? तर पत्ता नाही. मध्येच इंग्रजी बदलून जर्मन सुरू केलं होतं, तेही अनेकांना कळलं नव्हतं. बाईचा आवाज जाऊन पुरुषाचा आला तर तेवढं कळायचं. भाषा बदलली, अर्थ बदलला, काही नाही. लोकलमध्ये रील बघत स्टेशन चुकलेल्या कुणालाही हे पटायला प्रयोगशाळा लागणार नाही.

शरदच्या एका कानात वर्षानुवर्षं माई आहेत आणि तो त्यांच्यामागून म्हणत चाललाय. दुसऱ्या कानात काय काय येऊन गेलं असेल! आजीचं बोलणं. गुरुजींच्या गाण्यातला त्यांचा स्वतःचा असा एखादा वळसा, जो माईंचा नव्हता. स्वतःचा आवाज. गुरुजी त्याला पुन्हा पुन्हा तेच सांगत असतात, की घाई नको, आतून येऊ दे. तो मान डोलावतो. आज्ञा समजते त्याला, पण ज्या आवाजाबद्दल आज्ञा आहे तो त्याला ऐकू येत नाही.

माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. भावे स्वतः मोठ्या दिग्दर्शिका. १९ एप्रिल २०२१ रोजी त्या गेल्या आणि ३० एप्रिलला 'द डिसायपल' नेटफ्लिक्सवर आला. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांनी माईंना घरी बसून ऐकलं तेव्हा त्या आवाजामागची बाई जाऊन अकरा दिवस तरी झाले होते. कुणी असं ठरवून केलेलं नाही. पण हे माहीत झाल्यापासून त्या मोटरसायकली मला निराळ्या दिसतात. शरीर नसलेला आवाज, आणि तो जितका ऐकाल तितका जवळचा.

इथे मला माझं सांगावं लागणार.

बाबा २०२२च्या पावसाळ्यात गेले. मोतीबिंदूमुळे त्यांना टाइप करायचा कंटाळा, म्हणून ते व्हॉइस नोट पाठवायचे. माझ्या फोनमध्ये त्यांच्या एकोणीस नोट्स आहेत. एकीतही ऐकण्यासारखं काही नाही. दुधाची एक पिशवी जास्त आण. गॅसवाला येऊन गेला. तुझं पार्सल शेजारच्या काकूंकडे ठेवलंय. प्रत्येक नोटची सुरुवात 'हॅलो'ने, जणू पलीकडून कुणी उत्तर देणार आहे, आणि मग उत्तरासाठी थांबल्यासारखी एक लहानशी फट. पहिलं वर्षभर मी त्या रोज रात्री ऐकल्या. कधी दोन, कधी सगळ्या. तेवढीच सोबत होती ती.

मग एका रविवारी भाऊ म्हणाला, बाबा आंघोळीहून 'टॉवेल!' असे ओरडायचे तो सूर आठवतो का ग? मी आठवायला गेले आणि जे आलं ते 'हॅलो'. फोनच्या अगदी तोंडाशी धरलेला, जरा चढवलेला, माईकवर श्वास आपटणारा तो आवाज. न्हाणीघरातून येणारा नाही, दुसऱ्या खोलीतून पेपर वाचता वाचता येणारा नाही, रागावलेला नाही, झोपेतला नाही. तीस वर्षांचा आवाज होता माझ्याजवळ. एकोणीस नोट्सनी तो पुसून त्यांच्या जागी स्वतःला बसवलं होतं. चोर म्हणावं तर मीच रोज रात्री दार उघडून देत होते.

तिसऱ्यांदा 'द डिसायपल' पाहिला तो यानंतर. तेव्हा मोटरसायकलवरच्या शरदचा मला राग यायला लागला आणि मग दयाही आली. कारण तो जे करतोय त्याला आपण सगळे निष्ठा म्हणतो.

माईंनी गाणं मुद्रित होऊ दिलं नाही, ही गोष्ट सिनेमात एखाद्या दंतकथेसारखी येते. अशा व्यक्ती आपल्याकडे खरोखर होऊन गेल्या. अन्नपूर्णा देवींनी जाहीर वाजवणं सोडलं आणि पुढची कित्येक दशकं मुंबईतल्या घरात फक्त शिष्यांना शिकवलं. त्या २०१८मध्ये गेल्या. दुसऱ्या टोकाला केसरबाई केरकर. त्यांची भैरवीतली साडेतीन मिनिटांची तबकडी १९७७मध्ये व्हॉयेजर यानावर चढून सूर्यमालेबाहेर निघून गेली. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला मावायचंच तेवढं. तासाभराचा ख्याल तीन-साडेतीन मिनिटांत आवळावा लागे. केसरबाईंची मैफल ज्यांनी समोर बसून ऐकली ते लोक गेले, साडेतीन मिनिटं उरली, आणि आता आपल्यासाठी केसरबाई म्हणजे त्या मिनिटांचीच केसरबाई. मुद्रण नको म्हणणाऱ्यांना आपण हटवादी ठरवतो. मला वाटतं त्यांना स्मरणाचा हा खोडसाळपणा ठाऊक असावा.

म्हणून ताम्हाणे आपल्याला माईंचं गाणं एकदाही ऐकवत नाही, हा मला त्याचा सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. ऐकवलं असतं तर आपण लगेच परीक्षक होऊन बसलो असतो: होत्या का एवढ्या थोर? आता ते शक्य नाही. आपल्याजवळ आहे ते फक्त शरदचं ऐकणं.

आणि मग राजन जोशी येतो. दुर्मीळ ध्वनिमुद्रणांचा संग्राहक, जाणकार, जिभेला हाड नसलेला. एका भेटीत तो शरदला सहज, चवीचवीने सांगतो की तुझ्या माई तोंडाने कशा होत्या, मनाने कशा होत्या, तुझे गुरुजी किती सामान्य आहेत. शरद ऐकून घेतो, ऐकून घेतो आणि ग्लासातलं पाणी त्याच्या तोंडावर फेकतो. बहुतेक परीक्षणांत या प्रसंगाचा अर्थ 'मूर्तिभंजन' असा लावलेला असतो, म्हणजे जोशी खरं बोलला आणि शरदला ते सोसलं नाही. मला तसं वाटत नाही. जोशी खरं बोलतोय हे कशावरून? त्याच्याजवळही आठवणीच आहेत, आणि त्या आठवणी सांगताना त्याला जी मजा येते ती लपत नाही. एका कानात माई देवी आहेत, दुसऱ्या कानात शिव्या देणारी म्हातारी. दोघांनाही आपण ऐकलं तेच माणूस असं वाटतं. मला त्या प्रसंगात पाण्यापेक्षा त्याच्या आधीचं लक्षात राहतं: शरद बराच वेळ हलत नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या दुसऱ्या कानातलं काहीतरी आत शिरलेलं असतं.

सिनेमावर माझी तक्रारही आहे. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेचा जो भाग आहे, साधी मुलगी येते आणि बघता बघता झगमगाटात हरवते, तो फार सोपा झालाय. इतर ठिकाणी दिग्दर्शक आपल्याला निवाडा करू देत नाही, इथे मात्र तो आधीच करून ठेवलेला आहे. तसंच शरदच्या आयुष्यातल्या बायका. आजी, आई, नंतर बायको, सगळ्या कडेकडेला. हे शरदच्या लक्षाचंच चित्र आहे, त्याला ऐकू येत नाहीत म्हणून आपल्यालाही येत नाहीत, असं म्हणून मी काही काळ सिनेमाची बाजू घेतली होती. पण मोटरसायकलच्या दृश्यात शहर गायब आहे हे आपल्याला जाणवतं, खुपतं. या बायका गायब आहेत हे जाणवावं अशी सोय सिनेमात नाही. तेवढा फरक आहे.

शेवट लोकलमधला. शरद आता बायको आणि छोट्या मुलीबरोबर आहे, गाणं सोडून संगीताच्याच धंद्यात पडलेला. डब्यात एक गाणारा येतो, हातात एकतारीसारखं वाद्य, लोकांच्या गर्दीतून गात पुढे सरकतो. गाडीचा खडखडाट आहे, माणसं आहेत, शहर आहे. इतका वेळ बाहेर ठेवलेलं सगळं इथे एकदम आत येतं. तो गाणारा कुठल्या घराण्याचा नाही, त्याचा आवाज कुणी सीडीवर उतरवणार नाही. आपण शरदकडे बघतो. तो काही बोलत नाही. पहिल्या प्रसंगातला भुकेला, अधोरेखित करत ऐकणारा चेहरा आता नाही, एवढं मी खात्रीने सांगते. त्याच्या जागी काय आहे यावर माझं आणि मैत्रिणीचं भांडण अजून चालू आहे. ती म्हणते, हरलाय तो, दुसरं काय. मला वाटतं त्याला गाणं ऐकू येतंय, एवढंच.

बाबांच्या नोट्स मी डिलीट केलेल्या नाहीत. ऐकणं मात्र थांबवलं, आठेक महिने झाले. वाटलं होतं, तो रोजचा 'हॅलो' बाजूला झाला की मागचं काही हळूहळू वर येईल, जवारी लागल्यावर गंधार येतो तसं. न्हाणीघरातला 'टॉवेल' काही आला नाही. एक आलं: दाढी करताना आरशासमोर नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणणं, अगदी खालच्या पट्टीत, मध्येच गाल फुगवला की तुटणारं. चाल लागत नव्हती, पण आवाज नक्की त्यांचा, फोनमधला नाही. मला इतका आनंद झाला की मी तशीच उठून स्वयंपाकघरात गेले आणि आईला सांगितलं.

आई भाजी निवडत होती. म्हणाली, "ते कधी गुणगुणायचे ग? दाढी करताना तोंडाचा चकार शब्द नसायचा. तू बसायचीस तिथे मोरीच्या कठड्यावर, तू गुणगुणायचीस."